क्षारसंहिता, प्रत अपुरी

शनिवारी रात्री वेंगुर्ल्यात, बर्फाच्या कारखान्याच्या माडीवर
आम्ही पाचजण फासे घेऊन बसतो.
खाली कॉम्प्रेसर धडधडतो. इनास म्हणतो,
तो ड्रॅगनचा श्वास समजा.

सर्वेशला तलवार मिळाली, त्याचं मेडिकलचं दुकान आहे.
तन्वी गिरप चोर झाली.
मला इनासने पंडित केलं:
बळ तीन, विद्या अठरा.
दिवसभर भूमी अभिलेखात मोडी वाचतोस,
तुला काय कठीण, म्हणाला,
आणि कोरी वही पुढे सरकवली:
पुढल्या शनिवारी तुझी गुप्तविद्या घेऊन ये.

आधी काहीच जमेना.
फट्-स्वाहा लिहिलं, खोडलं.
कवटी आणली, घुबड आणलं,
दोघंही दशावताराच्या पेटीतून उसनी आणल्यासारखी.
तसा आमच्याकडे अदृश्यांना तोटा नाही,
वहाळावहाळाला देवचार आहे,
पण ते खरे. म्हणजे त्यांना नारळ द्यावा लागतो.
त्यांना फाशावर कसं लावणार?

मग बुधवारी कचेरीत
जुन्या मोजणीचा एक नकाशा उलगडला,
घडीवर फाटलेला.
सर्व्हे नंबर एकशे चौदा. अर्धा आज समुद्रात.
आकार दोन आणे. मालक मयत, वारस लागले नाहीत.
माशांखाली गेलेली जमीन,
आणि कागदावर अजून कोरडी.

त्या रात्री वही भरत गेली.
ग्रंथाचं नाव क्षारसंहिता.
विषय: समुद्राने नेलेल्यावर हक्क कोणाचा.
एखाद्याला बांधायचं तर मंत्र नको, चतुःसीमा वाचावी.
पूर्वेस अमुक, दक्षिणेस तमुक, उत्तरेस ढमुक.
पश्चिम शेवटी, आणि ती उच्चारायची नाही.
उच्चारली की बांधलेलं बुडतं.

खोटं शास्त्र उभं राहावं म्हणून
त्यात मुद्दाम एक चूक ठेवली,
आणि दोन टीकाकार नेमले, एकमेकांचं तोंड न बघणारे.
एक म्हणतो ओहोटी आधी कानाला कळते,
दुसरा म्हणतो नाकाला.
समासात कोणा आचाऱ्याचा शेरा: दोघेही किनाऱ्यावर कधी आले नाहीत.
सहावा अध्याय कसरीला दिला.
आणि किंमत ठरवली: दर बंधनाला
पंडिताने एक शब्द विसरायचा, कायमचा.

पहिल्यांदा मी 'मोरी' विसरलो.
ते काय ते, दात असतात, पाण्यात असतं, म्हणत राहिलो.
सगळे लोळून हसले,
खाली बर्फात मोरीच भरलेली होती.

चौथ्या शनिवारी चोराने माझा ग्रंथ पळवला.
तन्वीने चोराच्याच आवाजात विचारलं,
ह्याच्यात आसात मा,
गेलेली होडी परत कशी हाडूची?
कोणी हसलं नाही.
तिचा भाऊ नारळी पुनवेनंतरच्या पहिल्या खेपेला गेला होता.
मी म्हटलं, ते पान सहाव्या अध्यायातलं,
कसरीने खाल्लं.
ती म्हणाली, फासो टाक.

इनासने माझ्याकडे पाहिलं नाही.
मी टाकला. वहीच्या कडेला आपटून तो थांबला.
वीस.
विसाच्या वर काही नाही. विसाला पंडिताला ठाऊक असतंच.

मी उभा राहिलो, का ते कळलं नाही.
पूर्वेस बंदर, म्हटलं.
दक्षिणेस रेडीचा डोंगर.
उत्तरेस निवतीचा दिवा.
आणि थांबलो.
कॉम्प्रेसर तेवढ्यात आपोआप बंद पडला, तो तसा पडतो.
तन्वीने तिन्ही ओळी उतरून घेतल्या,
खाली चौथीपुरती जागा सोडली,
म्हणाली, सर्वेश, तुझी पाळी.

निघताना इनासने जिन्यात विचारलं,
ह्यावेळी कुठला शब्द गेला?
मी म्हटलं, उद्या सांगतो.

सोमवारी कचेरीत एक वारसनोंद आली.
जुन्या मालकाच्या नावापुढे शेरा घालायचा होता,
तीन अक्षरांचा, रोज दहादा लिहितो तो.
पेन उघडून बसलो.
शेजारच्या पोयेकरबाई म्हणाल्या,
शाई संपली काय?